पाटी क्रमांक चारशे शहात्तर

हे प्रकरण मी गाळणार होते. वहीत त्याची जागा मोकळी सोडून पुढची चार प्रकरणं लिहूनही झाली होती. पण यंदा दिवाळी उरकल्यावर निखिल नावाचा एक मुलगा कोंढव्याच्या आमच्या फ्लॅटवर आला आणि त्यानं रुमालात गुंडाळलेली एक पितळेची पाटी माझ्यासमोर टीपॉयवर ठेवली. मुलगा म्हणते खरी, पण पस्तिशीचा असेल; मूळचा यवतमाळकडचा, इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत. पुण्याशेजारच्या मांजरी गावात त्यानं घर बांधायला प्लॉट घेतला होता. तिथलं गवत काढताना बायकोच्या कानातलं पडलं, म्हणून त्यानं जमिनीतला धातू शोधायचं यंत्र ऑनलाइन मागवलं. कानातलं दुसऱ्याच दिवशी सापडलं, पण यंत्राचा नाद काही सुटला नाही. रोज सकाळी कामावर जायच्या आधी हा प्लॉटवर जाऊन, कानाला हेडफोन लावून, ते जमिनीवरून फिरवायचा. बैलाचे नाल निघाले, खिळे निघाले, विळ्याचं एक पातं निघालं, आणि मग ही पाटी.

"मॅडम, मी खूप सर्च केलं," तो सांगत होता. "शेतीच्या अवजारांच्या डीलरची टॅग आहे एवढं वाचून कळलं. पण ते दुकान आता नाहीच, नेटवर काही नाही. शेवटी रविवार पेठेत भांडीवाल्यांना दाखवत फिरलो. एका आजोबांनी कोपऱ्यातले हे तीन डॉट बघितले आणि म्हणाले, ही उस्मानभाईंच्या हातची. त्यांची मुलगी कोंढव्याला असते."

उस्मानभाई म्हणजे माझे अब्बा. ते आपल्या प्रत्येक पाटीच्या डाव्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढी तीन टिंबं ठोकायचे. मी चष्मा बदलला आणि पाटी खिडकीपाशी नेली. तळहाताएवढी पाटी, हिरवी-काळी पडलेली, अक्षरांतली लाख बहुतेक गळून गेलेली. वर दुकानाचं नाव, खाली पुणे, त्याखाली 'यंत्र क्र.' आणि पुढे चार, सात, सहा. पाटी थोडी तिरकी केली तेव्हा सातामागे पुसट सहा दिसला आणि सहामागे पुसट सात. मी खाली बसले.

"कडबाकुट्टीची आहे," मी म्हणाले.

"इतकं नेमकं कसं काय सांगता तुम्ही?"

"हा आकडा मी ठोकलाय."

त्याला फार आनंद झाला. नव्या घराच्या दाराशी ही फ्रेम करून लावणार, खाली तुमचंही नाव घालीन, असं म्हणाला. मी त्याला विचारलं, दोन दिवस पाटी माझ्याकडे ठेवशील का. तो लगेच हो म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या भावजयीनं दोनदा विचारलं, डॉक्टरकडे जायचं का. मी नाही म्हणाले आणि वहीतली ती मोकळी पानं काढली.

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागच्या एका बोळात आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेची दहा बाय आठची खोली, तिच्यामागे एक जाड पडदा, आणि पडद्यामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो: अब्बा, अम्मी, मी, माझ्या दोन धाकट्या बहिणी, आणि मी सांगते आहे त्या दिवसांत अम्मीच्या पोटात असलेला सलीम. अब्बा पितळेच्या पाट्या कोरायचे. डॉक्टर-वकिलांच्या दारावरच्या, शाळांच्या ढालींवरच्या, देवळातल्या देणगीदारांच्या, आणि सगळ्यात जास्त यंत्रांवर लावायच्या. घरात आम्ही दखनी बोलायचो. इथे ते सगळं मी मराठीत लिहिते आहे, कारण लिहायला मी मराठीतच शिकले. अब्बांना उर्दू वाचता यायचं. मराठी अक्षरं ते चित्र काढल्यासारखी कोरायचे, फार सुरेख कोरायचे, पण वाचताना अडखळायचे. त्यामुळे मी चौथीत गेल्यापासून मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं. वकिलाच्या नावातला एक अनुस्वार राहिला तर वकील पाटी घेत नाही आणि वर दहा मिनिटं ऐकवून जातो, हे मी फार लवकर शिकले.

आमच्या बोळात दिवसभर ठोकाठोक चालायची. तांबटांचे हातोडे लांबून घणघणायचे, पत्र्याच्या डबेवाल्याचा आवाज कोरडा आणि फुटका, आणि या सगळ्यात अब्बांची हातोडी इतकी हलकी की नवख्या माणसाला ती ऐकूच यायची नाही. आम्हाला मात्र तीच ऐकू यायची. ती थांबली की अम्मी स्वयंपाकघरातून मान वर करून बघायची. छिन्नीनं अक्षर कोरायचं, आकडे पोलादी ठशांनी ठोकायचे, मग खळग्यांत काळी लाख वितळवून भरायची आणि वरून घासून काढायची. लाखेचा धूर घरभर व्हायचा. तो कपड्यांत बसायचा, गाद्यांत बसायचा, आणि शुक्रवारी अम्मी मसुरीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा करायची त्या खट्ट्यालाही तो वास यायचा असं मला वाटे. माझ्या बोटांना पितळेचा वास यायचा. शाळेत शेजारची मुलगी डबा खाताना थोडी सरकून बसायची. अम्मी रोज संध्याकाळी माझे हात चिंचेच्या चोथ्यानं आणि राखेनं घासायची, नखांच्या कडा दुखेपर्यंत, आणि म्हणायची, हे हात असे घेऊन सासरी जाणार आहेस का.

हात असे होण्याचं कारण मजकूर तपासणं हे नव्हतं. मी चौदा वर्षांची असताना अब्बांना दिसायचं कमी झालं. आधी ते पाटी नाकाशी धरायला लागले. मग एक दिवस मला आत बोलावून म्हणाले, "रझिया, जरा हा पाचाचा ठसा सरळ धर." मी धरला, त्यांनी ठोकला. वर्षभरात ठसे धरणं आणि ठोकणं दोन्ही माझ्याकडे आलं, आणि बारीक अक्षरंही. गिऱ्हाइकाला हे कळता कामा नये असं ठरलं होतं, म्हणजे कुणी ठरवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. अब्बा पुढे दुकानात हातात छिन्नी घेऊन बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, मोठी अक्षरं अंदाजानं कोरायचे. मी पडद्यामागे खिडकीच्या उजेडात बसून बाकीचं करायची. शाळा दहावीनंतर सुटली. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही. खरं तर मला अभिमान वाटायचा.

लाख भरायच्या आधी एक काम असायचं. आकड्यांच्या पाट्यांवर पातळ कागद ठेवून मी त्यावर पेन्सिल आडवी घासायची. राखाडी कागदावर पाटी जशीच्या तशी पांढरी उमटायची. एकच नंबर दोन पाट्यांवर जाऊ नये म्हणून अब्बांनी ही पद्धत ठेवली होती. ते कागद मी एका जाड वहीत ओळीनं चिकटवायची. ती वही मला फार आवडायची.

यंत्रांच्या पाट्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे नानाशेठ. हे त्यांचं खरं नाव नाही. त्यांची नातवंडं याच शहरात आहेत आणि त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. नानाशेठांचं स्वारगेटच्या पुढे शेतीच्या अवजारांचं दुकान होतं: नांगर, पाण्याची इंजिनं, उसाचे चरक, आणि जनावरांसाठी कडबा बारीक चिरायची कडबाकुट्टी यंत्रं. विकलेल्या प्रत्येक यंत्रावर त्यांची पितळी पाटी असायची. "पाटी म्हणजे आमचा शब्द," असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे, मी स्वतः ऐकलंय. आमच्या दुकानातलं निम्म्याहून जास्त काम त्यांचं होतं, आणि आम्ही राहत होतो त्या खोल्या त्यांच्या मेहुण्याच्या होत्या. ते आमच्याशी कधी वाईट वागले नाहीत. त्यांच्या मळ्यातले पेरू यायचे. सलीमच्या वेळी अम्मीला दवाखान्यात न्यायला त्यांनीच गाडी पाठवली.

चारशे शहात्तर नंबर ठोकताना मी चुकले. चारशे सदुसष्ट ठोकला. तोपर्यंत माझ्याकडून अशी चूक झाली नव्हती; दोन्ही बहिणींना गोवर होता, रात्रभर जागून मी बसले होते. अब्बांनी पाटी उलटी करून मागून ठोकून ते आकडे सपाट केले, वरून कानस मारली, आणि मी पुन्हा नीट ठोकलं. तरी जुने आकडे पुसट राहिलेच. पाट्या पोहोचवायला मी अब्बांबरोबर गेले होते, कारण रस्ता ओलांडताना त्यांना आता कुणीतरी लागायचं. नानाशेठांनी ती पाटी उजेडात धरली.

"काय उस्मानभाई, पितळेवरही खाडाखोड करता येते, हे आम्हाला नवीनच."

"दुसरी करून देतो, शेठ."

"राहू द्या. कडबा चिरायचाय तिला, परीक्षेला बसवायचं नाहीये."

दुकानाच्या मागच्या अंगणात त्यांची माणसं यंत्रांना रंग देत होती. पाटी तिथेच एका कडबाकुट्टीवर चार कोपऱ्यांना रिबिटं ठोकून बसवली. मी जवळ उभी राहून बघत होते. यंत्र जुनं होतं, हिरव्या रंगाखाली गंजाचे पापुद्रे दिसत होते. शेजारच्या नव्या यंत्राला बाजूला एक दांडा होता. कडबा आत ओढणारे दातेरी रूळ त्या दांड्यानं थांबवायचे असतात, असं तिथल्या रंगाऱ्यानं मला सांगितलं. मी म्हणाले, ह्याला नाही तो. तो म्हणाला, मोडला. दांड्याच्या जागी भोक होतं आणि ते रंगानं बुजवलं होतं. परत येताना मी अब्बांना हे सांगितलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. रस्ता ओलांडून झाल्यावर म्हणाले, "आपलं काम पाटीचं."

पुढच्या उन्हाळ्यात, ऊन कलायच्या सुमारास, एक म्हातारासा माणूस दुकानाच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला. मी त्याला पडद्याच्या फटीतून पाहिलं. पांढरी टोपी, धुळीनं भरलेल्या वहाणा, हातात काही नाही. म्हातारासा म्हणते, पण पन्नाशीचाच असेल.

"नानाशेठच्या पाट्या तुमीच करता का, मिस्तरी?"

"करतो. बसा ना," अब्बा म्हणाले.

तो पायरीवरच बसला. किसन नाव सांगितलं, धायरीचा. त्याची मुलगी सोजर, एकुलती एक, मागल्या वर्षी मांजरीला दिलेली; सासरचं आडनावही त्यानं सांगितलं. कडबा चिरताना तिचा उजवा हात यंत्रात गेला. रूळ थांबेनात. अंगठा राहिला, चार बोटं गेली. दोन महिने सरकारी दवाखान्यात होती. हे सगळं त्यानं असं सांगितलं की जणू ते बऱ्याच ठिकाणी सांगून झालं होतं.

"आता सासरची म्हनत्यात, ठेवून घ्या तुमची तुमच्याकडं. यंत्रावर पेंगत व्हती म्हनं. मी शेठकडं गेलो, म्हनलं दांडा नसलेलं यंत्र दिलंच कसं. शेठ म्हनला, माझ्या यंत्राला पाटी असती. त्येला पाटी न्हाय, म्हंजे ते माझं न्हाय. सासऱ्याला इचारलं तर त्योबी म्हनला, बाजारातनं घेतलं व्हतं, पाटी कधीच न्हवती. जाऊन बघितलं. खरंच न्हाय पाटी."

"मग?" अब्बा म्हणाले.

"पोर म्हनती, पाटी व्हती. दसऱ्याला तिनंच हळदकुंकू लावलं तिला. चौथीपतुर शिकलीय. नंबर सांगती, चार, सात, सहा. आन् म्हनती, साताच्या मागं पुसट सहा दिसतो, सहाच्या मागं पुसट सात."

माझ्या मांडीवर तेव्हा ती वही होती. त्यानं नानाशेठांचं नाव घेतल्याबरोबर मी ती कशासाठी उघडली होती, सांगता येत नाही. पान समोर होतं. कागदावर ते पुसट आकडेसुद्धा उमटले होते.

"परवा पंचांपुढं बसायचंय," किसनबाबा म्हणाले. "मला शेठकडनं काय नको. पन तिकडची म्हनत्यात, आळशी तर हायच, वर खोटारडी. माझी लेक खोटं बोलती का, एवढंच मला सांगा."

अब्बांनी हातातली छिन्नी खाली ठेवली. मला त्यांची पाठ दिसत होती. मग ते म्हणाले, "बाबा, शेकडो पाट्या होतात. कुठली कशी, आठवत नाही."

"कागदावर काय ठेवत असाल की."

"नाही. ठेवत नाही."

किसनबाबांनी पाणी मागितलं. अम्मीनं माझ्या बहिणीच्या हाती तांब्या पाठवला. ते पाणी प्यायले, तांब्या तिच्या हातात परत दिला, "बरं" म्हणाले आणि उठले. पडदा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी सोळा वर्षांची होते, लहान नव्हते. मी बाहेर गेले तर घर जाईल, काम जाईल, अब्बांचे डोळे गेल्याचं सगळ्यांना कळेल, हे सगळं माझ्या मनात त्या वेळी आलं असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे त्यातलं काहीच मनात आलं नव्हतं. मी फक्त घाबरले होते, की आकडा मी चुकले हे आता बाहेरच्या माणसाला कळणार.

ते गेल्यावर अब्बा आत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते पान काढ." मी काढलं. अम्मी भाकऱ्या थापत होती. चुलीत जाळ होताच. मी कागद आत टाकला. पेन्सिलीचं शिसं जळत नाही लवकर; कागद काळा झाला तरी अक्षरांभोवती ते चंदेरी चमकत राहिलं, आणि मी लाकडानं ढोसलं तेव्हाच मोडलं. तव्यावरची पहिली भाकरी अम्मीनं माझ्या ताटलीत टाकली. मी ती खाल्ली. भूक लागली होती.

त्यानंतर अब्बांनी नंबरांचे कागद ठेवणं बंद केलं. नानाशेठांचं काम पुढे सहा वर्षं येत राहिलं, ते जाईपर्यंत. तोवर अब्बा पूर्ण आंधळे झाले होते आणि मी उघडपणे पुढे दुकानात बसू लागले होते. "बाई पाट्या करते" म्हणून लोक बघायला यायचे. लग्न झालं नाही. त्याबद्दल मी आधीच्या प्रकरणात लिहिलं आहे. अब्बा नंतर वीस वर्षं जगले, आणि या विषयावर आमच्यात एकदाच बोलणं झालं. ते आजारी होते, मी पाय चेपत होते. म्हणाले, "तो धायरीचा माणूस पुन्हा आला होता का गं?" मी नाही म्हणाले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

निखिल पाटी ठेवून गेल्यावर दोन दिवसांनी मी त्याला फोन केला आणि पाटी निघाली ती जागा दाखव म्हणाले. त्याची गाडी होती. मांजरीला आता एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला सात मजल्यांच्या इमारती, मधे याचा प्लॉट. त्यानं एका कोपऱ्यातला खड्डा दाखवला, गुडघ्याएवढा खोल. शेजारच्या वावरात एक आजोबा पाणी देत होते. ते बांधावर आले आणि आपणहून म्हणाले, "हितं गोठा व्हता. गव्हाण अगदी ह्या जागी." कुणाचा गोठा, मी विचारलं. त्यांनी जे नाव घेतलं ते मला ऐकायचं नव्हतं आणि ठाऊकही होतं. सोजरच्या सासरचीच जमीन. नवरा केव्हाच वारला, त्याच्या दुसऱ्या बायकोच्या नातवानं प्लॉट पाडून विकले. "पहिली बायको हात गेलेली, ती माहेरी धायरीला असती, चुलतभावाच्या पोराकडं. हाय अजून." आणि मग जरा थांबून, "ज्या साली तिला घालवली त्याच साली ह्यांच्याकडं नवं इंजिन आलं. शेठनं पाठवलं म्हनायचे. फुकट."

मी पाटी पिशवीतून काढून पुन्हा बघितली. चारही कोपऱ्यांची भोकं शाबूत होती. नानाशेठांचा माणूस जाऊन पाटी उचकटून घेऊन आला असेल, असं मी पन्नासहून जास्त वर्षं धरून चालले होते. उचकटली असती तर कोपरे फाटले असते, आणि त्यानं ती तिथे पुरली नसती. ही कुणीतरी घरच्याच माणसानं, सावकाश, रिबिटांची डोकी छिन्नीनं कापून काढली होती.

"मॅडम, आता इतक्या वर्षांनी सांगून त्यांना उगाच त्रास," निखिल गाडीत म्हणाला. तो सज्जन मुलगा आहे. मी म्हणाले, त्रास होईलच, आणि त्याला धायरीचा रस्ता धरायला सांगितला.

धायरीत विचारत विचारत पोहोचलो; सोजरच्या चुलतभावाच्या मुलाचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. आत सोफ्याजवळ खाली बसून एक बारीक, ताठ बाई मेथी निवडत होती. जुडी उजव्या तळव्याखाली दाबून धरलेली, डाव्या हातानं पानं खुडत. मी माझं नाव सांगितलं, अब्बांचं सांगितलं, आणि पाटी तिच्यासमोर ठेवली. तिनं डावा अंगठा आकड्यावर फिरवला. बघायच्या आधी फिरवला.

"हीच," ती म्हणाली. "कुठं घावली?"

मी सांगितलं.

"गव्हानीखाली?"

"हो."

तिनं पाटी मांडीवर घेतली. "मग नवऱ्यानंच पुरली," ती म्हणाली. "गव्हानीला दुसरं कुनी हात लावत नव्हतं. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून रडला व्हता त्यो. म्हनला, सोजर, पाटी नव्हती गं, तुला तापात दिसली असंल. इतकं म्हनला, की मलाबी वाटाया लागलं, नसंल."

मग मी माझं सांगितलं. पडदा, वही, मांडीवरचं पान. शब्द शोधावे लागले नाहीत. इतकी वर्षं ते तयारच होते. ती ऐकत होती.

"आन् त्या कागदाचं काय केलं तुमी?"

"जाळला."

तिनं मान हलवली, जणू बाजारातला भाव ऐकला. "बाबा पंचांपुढं गेलेच न्हाईत," ती म्हणाली. "पुन्यास्नं आले आन् घोंगडं घेऊन पडले. मला रागानं एक शब्द बोलले न्हाईत कधी. मरायच्या आदल्या साली म्हनले, सोजर, आता खरं सांग, मी काय बोलनार न्हाय, पाटी व्हती का? मी म्हनले, नव्हती, बाबा. मनात म्हनलं, सुटंल म्हातारा. बाबा हसले. म्हनले, मला ठावं व्हतं."

निखिल दाराशी उभा होता, तो बाहेर गॅलरीत गेला. मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही, मला कळलं नाही. ती डाव्या हातावर जोर देऊन उठली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिनं भाच्याला हाक मारली. तो बाहेर आला, भाचेसून आली, कॉलेजला जाणारी एक मुलगी मोबाइल हातात घेऊन आली.

"ह्या बाई काय म्हनत्यात ऐका," ती त्यांना म्हणाली, आणि मला म्हणाली, "सांगा."

मी सांगितलं. पाटी होती. नंबर मी ठोकला होता. आमच्या घरात तिचा कागद होता, आणि आम्ही खोटं बोललो. त्या मुलीनं तोंडावर हात धरला. चहा ठेवू का, असं सून हळूच विचारत होती, पण सोजरनं पायात चपला सरकवल्या आणि समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथे तिच्यापेक्षा म्हातारी एक बाई राहत होती, गावातलीच. तिचा सासरा त्या वेळच्या पंचांत होता. तिला ऐकू कमी येत होतं. मला मोठ्यानं सांगावं लागलं, जिना सगळा ऐकत होता.

मग ती मला लिफ्टनं खाली घेऊन गेली. लिफ्टमध्ये मी पुन्हा माफी मागितली नाही. इमारतीसमोर देवळाचा पार आहे, तिथे गावचे चार-पाच जुने लोक बसले होते. तिला येताना बघून ते सरकले, पण ती बसली नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला, पाटी माझ्या हातात दिली आणि बाजूला उभी राहिली.

"आता ह्यांना सांगा," ती म्हणाली. "अगदी पयल्यापासनं."